सिलिंडरशेजारचा पाइप

संस्थेत त्यांना सगळे रसायनाच्या बाई म्हणत. दारावरच्या पाटीवरही कितीतरी वर्षं ‘प्रशिक्षक, रसायन’ एवढंच होतं. नवे संचालक आले आणि त्या पाटीखाली दुसरी पाटी लागली: ‘परिवर्तन समन्वयक’. पाटी ठोकणाऱ्या सुताराने एक डोळा मिटून दोन्ही पाट्या एका रेषेत आहेत का ते पाहिलं आणि विचारलं, “बाई, म्हणजे आता तुम्ही नक्की काय करायचं?”

“मला कळलं की तुम्हाला सांगते,” बाई म्हणाल्या.

संस्था सरकारी. पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांवर जी माणसं रात्रंदिवस पाळीने राबतात, ती आधी इथे शिकून जात. गढूळ पाण्यात तुरटी किती घालायची, वाळूचे थर कधी धुवायचे, पंप कसा चालू करायचा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कसा बंद करायचा, क्लोरीनच्या सिलिंडरशी कसं वागायचं. त्यासाठी मागच्या आवारात एक शुद्धीकरण केंद्रच बांधलेलं होतं, खऱ्यासारखं पण लहान. टाक्यांच्या कडा शेवाळलेल्या, रंगाचे पोपडे निघालेले. दर तुकडीतलं कुणीतरी निदान एकदा तरी त्या टाकीत पडायचंच, आणि तोही शिक्षणाचा भाग आहे असं मानलं जायचं.

त्या आवाराचे पाच प्रशिक्षक होते. त्यांतले तुरटी, गाळणी आणि क्लोरीनचे प्रशिक्षक म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कचेरीत ते बाईंना ‘मॅडम’ म्हणत, तेही जरा ताणून, चिडवल्यासारखं. मागच्या फाटकातून बाहेर पडलं की लगेच ‘धाकटे’. फाटकापलीकडच्या गल्लीतच त्यांचं घर होतं. बाई राहत शहराच्या दुसऱ्या टोकाला, पण दुपारचं जेवण मात्र ताईकडेच. त्यामुळे रोज दुपारी मेहुणी आणि भाऊजी अशी वरात त्या फाटकातून जायची. भाऊजींना दुपारी घरी जाणं भागच होतं. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. दर काही तासांनी तिला कुशीवर वळवलं नाही तर पाठीला जखमा होत, आणि ते शरीर ताईला एकटीने पेलत नसे. ताईने खांदे धरायचे, भाऊजींनी कंबर. मग आई कुरकुरायची, भाऊजी काहीतरी फाजील विनोद करायचे, आणि त्यानंतर पानं वाढली जायची.

पाटी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात बाईंनी पाचही प्रशिक्षकांना बोलावलं. संचालकांची योजना अशी होती, की प्रत्येकाने आपले उत्तमोत्तम धडे कॅमेऱ्यासमोर घ्यायचे. अनुभव जपून ठेवायचा. लांबलांबच्या केंद्रांवरच्या ज्या माणसांना इथे येणं जमत नाही, त्यांनाही तो मिळावा.

पंप शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे घरघर म्हणत. त्यांचा आवाज झिजलेल्या बेअरिंगसारखा होता. ते खुर्ची मागे रेलून म्हणाले, “शिंपी आधी गोड बोलून माप घेतो मॅडम. कापड कसलं आहे ते नंतर कळतं.”

“माप तरी नीट द्या,” कुणीतरी म्हणालं. “पोट आत घेऊन.”

हशा पिकला, पण तो लगेच विरला. बाईंना जाणवलं, की आता आपण काहीतरी बोललं पाहिजे, आणि आपल्याकडे परिपत्रकातल्या वाक्यांखेरीज काही नाही. तेवढ्यात भाऊजी उठले.

“हे बघा, ही माझी मेहुणी आहे. मी हिला परकर नेसत होती तेव्हापासून ओळखतो. खोटं बोलताना हिचे कान लाल होतात. आत्ता बघा. बघा की!”

सगळ्यांनी बाईंच्या कानांकडे पाहिलं. कान नेहमीच्याच रंगाचे होते. कारण त्या दिवशी बाईंना खरोखरच काही माहीत नव्हतं.

“झालं तर मग,” भाऊजी म्हणाले. “पहिला धडा माझा लावा.”

भाऊजींच्या शब्दावर बाकीचे चौघे तयार झाले. घरघर मात्र जाताजाता म्हणाले, “तुझ्या भरवशावर हं. तिच्या नाही.”

तुरटीवरचा पहिला धडा झाला, वाळू धुण्याचा दुसरा झाला, आणि त्याच दिवशी संचालकांनी बाईंना आपल्या खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. स्वतः उठून चहा ओतून द्यायचा, मध्येच फोन वाजला तर ‘माफ करा’ म्हणायचा. त्यांनी कप बाईंच्या पुढे सरकवला आणि म्हणाले, “वरून आलंय. मलाही कालच कळलं.”

प्रात्यक्षिकाचा विभाग बंद होणार होता. आवाराची जागा दुसऱ्या एका कार्यालयाला जाणार होती. धड्यांच्या चित्रफिती सगळ्या केंद्रांवर पाठवायच्या, माणसांनी जिथल्या तिथे बघून शिकायचं. पाचही प्रशिक्षकांच्या बदल्या होणार, दूरच्या केंद्रांवर, जिथे माणसांची टंचाई होती तिथे.

“तुमचा विभाग राहतोय,” संचालक म्हणाले. “कागदावरचं शिक्षण राहतंय.”

“त्यांना कधी सांगायचं?”

“आदेश निघाल्यावर. मॅडम, आत्ता सांगितलं तर कोण उभं राहील कॅमेऱ्यासमोर? धडे अर्धवट राहतील, मग वरचे म्हणतील, चित्रफिती नाहीत, आवार नाही, तर संस्था तरी कशाला हवी? सगळंच जाईल. तुम्ही विज्ञानाच्या आहात. भावनेच्या भरात नाही निर्णय घेणार.”

बाईंनी विचारलं, “त्यातल्या एकाला इथल्या शहर केंद्रावर ठेवता येईल? त्यांच्या घरी आजारपण आहे.”

“तुमचे नातेवाईक ना ते?” संचालक सहज म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. “बघतो. शब्द टाकतो. पण तोपर्यंत…”

तोपर्यंत बाई गप्प राहिल्या. बातमी माणसाला एकदम देऊ नये, थेंबाथेंबाने द्यावी, म्हणजे ती पचते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. प्रत्यक्षात त्यांनी एक थेंबही दिला नाही. रोज सकाळी ठरवायचं, की आज फाटकातून जाताना सांगू. रोज फाटक ओलांडायचं, आणि भाऊजींनी ‘धाकटे’ म्हटलं की दुसरंच काहीतरी बोलायचं. शहर केंद्राचं नक्की झालं की सगळं एकदमच सांगू, वाईटासोबत थोडं बरंही सांगता येईल, असं म्हणत त्या दिवस ढकलत राहिल्या. त्या दिवसांत त्या केस कानांवरून घेऊ लागल्या, हे त्यांचं त्यांनाही उशिरा लक्षात आलं.

इकडे भाऊजी रंगात आले होते. आयुष्यभर मळक्या शर्टात शिकवणारा माणूस इस्त्री करून येऊ लागला. एखादा शब्द अडखळला की स्वतःच हात वर करून म्हणायचे, “थांबा, परत घ्या. हे पोरांना कळणार नाही.” कॅमेरावाला आधी वैतागला. मग त्यालाही नाद लागला. गाळलेलं पाणी ग्लासात धरून उन्हात कसं बघायचं, हे दाखवताना भाऊजी इतके तल्लीन झाले, की ‘झालं’ म्हटल्यावरही ते ग्लासातच बघत होते.

“आरशासमोर उभे राहून तुरटीशी बोलत असतात हल्ली,” ताई जेवताना म्हणाली. “लग्न ठरलं तेव्हा माझ्याशी चार शब्द बोलले नव्हते.”

“तू तुरटीसारखी शांत कुठे होतीस?” भाऊजी म्हणाले.

“मी नव्हते म्हणूनच तुमच्या घरातला गाळ खाली बसला.”

आतून आईने हाक मारली. भाऊजी हात धुवून आत गेले. ताईने बाईंच्या पानात भात वाढला आणि आवाज खाली आणून विचारलं, “काय ग, या तुमच्या बदलांच्या गडबडीत यांना कुठे लांब नाही ना पाठवणार? गल्लीत सगळे काहीबाही बोलतायत. हे हसण्यावारी नेतात. मला मात्र झोप लागत नाही. दुपारचं हे घरी यायचं थांबलं, तर मी एकटी आईंचं कसं करणार?”

“अजून काही ठरलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

ताईने सुटकेचा श्वास सोडला. “तू आहेस म्हणून बरं,” असं म्हणून तिने भातावर आमटी वाढली.

मधल्या काळात घरघर पुन्हा अडून बसले होते. पंपाचा धडा द्यायला त्यांनी साफ नकार दिला. एका संध्याकाळी बाई घरी निघाल्या, तर फाटकाशी भाऊजी भेटले. घरघरांची समजूत काढायला त्यांच्या घरी चालले होते.

“म्हातारा हट्टी आहे. पण माझं ऐकेल,” भाऊजी म्हणाले.

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. “बोला त्यांच्याशी.”

घरघरांनी ऐकलं.

शेवटचा धडा क्लोरीनचा होता. भाऊजींचा हुकमी. तो चित्रित झाला त्या दिवशी बाईंना बैठक होती, म्हणून त्या आवारात नव्हत्या. दोन दिवसांनी कॅमेरावाल्याने तो पूर्ण जोडून त्यांच्या संगणकावर आणून दिला. “झकास झालाय मॅडम. सिनेमात घ्यायला पाहिजे यांना.”

बाई एकट्याच बघत बसल्या. धडा खरंच सुरेख होता. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, म्हणून खाली वाकायचं नाही. वारा पाठीवर घेऊन जायचं. अमोनियात भिजवलेला बोळा जवळ न्यायचा, जिथे पांढरा धूर दिसेल तिथे गळती. भाऊजी प्रत्येक गोष्ट करून दाखवत होते, सावकाश, खणखणीत आवाजात. आणि त्यांच्या मागे, पिवळ्या सिलिंडरच्या अगदी शेजारी, पाण्याचा पाइप नीट वेटोळं करून ठेवलेला होता. त्याचं तोंड सिलिंडरकडे होतं.

बाईंनी चित्र थांबवलं. धडा पुन्हा पहिल्यापासून पाहिला. पाइपाबद्दल एक अक्षरही नव्हतं.

त्या पाइपाची गोष्ट संस्थेत सगळ्यांना ठाऊक होती, आणि नवी तुकडी सोडली तर कुणापासून लपवलेली नव्हती. गळक्या क्लोरीन सिलिंडरवर पाणी मारायचं नसतं. पाणी आणि क्लोरीन मिळून आम्ल होतं, आम्ल धातू खातं, आणि छिद्र मोठं होत जातं. पण इथे शिकायला येणारी सगळी पाण्याची माणसं. त्यांचा हात कुठल्याही संकटात आधी पाण्याकडे जातो. भाऊजी ही गोष्ट कधी तोंडाने सांगत नसत. ते पाइप मुद्दाम हाताशी ठेवायचे, रिकाम्या सिलिंडरच्या मागे लपवलेल्या नळीतून हवा सोडून फुस्स आवाज काढायचे आणि ओरडायचे, “गळती!” कुणीतरी हमखास पाइपाकडे धावायचं. भाऊजी टपलेलेच असायचे. त्याचं मनगट ते असं पकडायचे, की पुढचे दोन दिवस तिथे बोटांचे वळ राहायचे. “मेलास,” एवढंच म्हणायचे. मग कारण सांगायचे. ज्यांनी हे पाहिलं, ते पुढच्या तुकडीला कधीच सांगत नसत. अळीमिळी गुपचिळी. तो संस्थेचा अलिखित नियम होता.

कॅमेऱ्यासमोर पाइप सवयीने ठेवला गेला. पण धावणारं कुणी नव्हतं, म्हणून मनगट पकडलं गेलं नाही, आणि जे वाक्य त्या पकडण्यानंतर यायचं ते आलंच नाही. जो कुणी हा धडा दूरच्या केंद्रावर एकट्याने बघेल, त्याला काय दिसेल? उत्तम शिक्षक, आणि त्याने गळतीच्या तयारीने ठेवलेला पाण्याचा पाइप.

बाई तशाच संचालकांकडे गेल्या. त्यांच्या मनात दोन गोष्टी एकदम होत्या, आणि त्यांतली दुसरी थोडी आनंदाची होती, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी पाइप दाखवला, कारण सांगितलं आणि म्हणाल्या, “सर, हे आवाराशिवाय शिकवता येत नाही. हाच पुरावा आहे. निदान क्लोरीनपुरतं तरी प्रात्यक्षिक ठेवावंच लागेल. निदान एक माणूस.”

संचालकांनी मन लावून ऐकलं. धडा स्वतः पाहिला. खरोखर दचकले.

“बरं झालं तुम्ही पकडलंत,” ते म्हणाले. “पाइप काढून टाका आणि एक वाक्य घाला. लाल अक्षरात पट्टीही टाकू. आठवड्यात फिती पाठवायच्या आहेत.”

“सर, वाक्य ऐकणं आणि—”

“मॅडम, वाक्य ऐकून विमानं उडतात.” ते थकल्यासारखं हसले. “आणि हो, शहर केंद्राचं मी विचारलं होतं. तिथे जागा नाही म्हणाले. वाईट वाटलं मला.”

एवढ्या दिवसांची बाईंची सबब तिथेच संपली.

दुपारी त्यांनी भाऊजींना आपल्या खोलीत बोलावलं. फाटकाकडे न जाता ते इकडे आले, तेव्हा गमतीने दार वाजवून म्हणाले, “आत येऊ का, समन्वयक मॅडम?”

“बसा भाऊजी. क्लोरीनचं शूटिंग परत करावं लागेल.”

“का? झकास झालंय म्हणत होता की तो.”

बाईंनी धडा लावला. भाऊजी खुर्ची ओढून जवळ बसले. “पोट दिसतंय,” म्हणाले. “शर्ट तरी बाहेर काढायला हवा होता.” मग त्यांचं बोट पडद्यावरच्या पाइपाकडे गेलं. चेहऱ्यावरचं हसू कारण संपल्यावरही थोडा वेळ तसंच राहिलं.

“हा पाइप मी ठेवला?”

“हो.”

“आणि काही बोललोच नाही?”

“नाही.”

“अरे देवा.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “हे बघून एखादं पोरगं पाणी मारेल ग. माझं नाव घेऊन मारेल.” मग मान हलवून म्हणाले, “असो. नवीन घेऊ. आणि तसंही फितीत काही का असेना, शेवटी इथे आल्यावर अंगणात मी आहेच की. धरीन एकेकाचं मनगट.”

बाईंनी संगणक बंद केला. “भाऊजी, अंगणात कुणी नसणार आहे.”

“कुणी म्हणजे?”

“प्रात्यक्षिक बंद होतंय. आवार जातंय. तुमच्या पाचही जणांच्या बदल्या आहेत.”

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बादली सरकवली. भाऊजींनी तिकडे पाहिलं, जणू तो आवाज कसला हे समजून घेणं आधी गरजेचं होतं.

“शिंपी,” ते म्हणाले. मग बाईंकडे न बघता विचारलं, “तुला कधी कळलं?”

“दुसऱ्या धड्यानंतर.”

भाऊजींनी डाव्या हाताची बोटं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. “म्हणजे घरघरच्या घरी मी गेलो, ते त्यानंतर. तू भेटलीस फाटकाशी.”

“हो.”

“म्हणालीस, बोला त्यांच्याशी.”

“मला वाटत होतं, तुम्हाला तरी शहरात ठेवून घेता येईल. मी प्रयत्न करत होते.”

“मला?” भाऊजींनी पहिल्यांदा सरळ बघितलं. “आणि त्या चौघांना? माझ्या शब्दावर उभे राहिले ना ते?”

बाईंना वाटत होतं, भाऊजींनी चिडावं, टेबलावर हात आपटावा, काहीतरी ओरडावं. ते फक्त विचार करत बसले होते, नळाची कुठली चकती कुठे बसेल असा विचार करावा तसे.

“दुपारी आईला कोण वळवणार?” त्यांनी विचारलं, आणि स्वतःच हाताने तो प्रश्न बाजूला सारला. “कॅमेरा कधी आहे?”

“उद्या सकाळी. पण तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसऱ्या कुणाला—”

“नाही कसं म्हणू? पाइप माझ्या हातचा आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आवारभर झाली होती. भाऊजींनीच चौघांना सांगितलं असणार. कुणी जवळ आलं नाही. घरघर पंपाच्या खोलीच्या दारात उभे होते. बाई समोरून गेल्या तेव्हा त्यांनी नमस्कार केला, नेहमीपेक्षा थोडा जास्त वाकून. बाईंना तो नमस्कार थोबाडीत मारल्यासारखा लागला.

भाऊजी कालचाच शर्ट घालून आले होते. त्यांनी पाइप उचलला, गुंडाळला, लांब टाकीच्या पलीकडे नेऊन ठेवला. परत येऊन सिलिंडरशेजारी उभे राहिले.

“चला,” कॅमेरावाला म्हणाला. त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं. “एकच वाक्य आहे. दोन मिनिटांचं काम.”

“गळती झाली,” भाऊजींनी सुरुवात केली, “तर पाणी… पाण्याचा हात…” ते थांबले. पुन्हा म्हणाले, “गळती दिसली की आपण सगळे काय करतो, तर…” पुन्हा थांबले. त्यांचा उजवा हात दोनदा हवेत पुढे गेला, कुणाचं तरी मनगट धरायला जावा तसा, आणि तसाच खाली आला.

“काका, काय झालं? इतकं लांबलचक बोलता, आणि एका वाक्याला अडलात?”

“मी हे कधी बोललेलोच नाही,” भाऊजी म्हणाले. मग बाईंकडे वळून, ज्या आवाजात ते संचालकांशी बोलत त्या आवाजात म्हणाले, “मॅडम, वाक्य तुम्ही सांगा.”

त्या ‘मॅडम’मध्ये ताणणं नव्हतं, चिडवणं नव्हतं. सरळ, साधं, सरकारी.

बाईंनी वाक्य सांगितलं. “गळणाऱ्या सिलिंडरवर कधीही पाणी मारू नये, कारण त्याने आम्ल तयार होऊन गळती वाढते.”

भाऊजींनी कॅमेऱ्याकडे बघून ते शब्द जसेच्या तसे म्हटले. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

“एका झटक्यात ओके!” कॅमेरावाला म्हणाला.

आदेश पुढच्या आठवड्यात निघाले. भाऊजींना मिळालेलं केंद्र इतकं लांब होतं, की रविवारीही घरी येणं परवडण्यासारखं नव्हतं. निरोपाचा कार्यक्रम ठेवावा असं संचालकांनी सुचवलं. पाचही जणांनी नको म्हटलं. भाऊजी गेले तेव्हा बाई स्टँडवर गेल्या होत्या, पण जरा लांबच उभ्या राहिल्या. बस हलल्यावर भाऊजींनी खिडकीतून हात केला. तो ताईला होता. बाईंनीही हात वर केला होता, तो त्यांनी हळूच खाली घेतला.

त्यानंतर बाई डबा घरूनच आणू लागल्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरून खायच्या. ताईचा फोन आला नाही. बाईंनी दोनदा केला. दोन्ही वेळा ताई नीट बोलली: आई बऱ्या आहेत, हो, हे पोचले, खोली मिळाली. रागावली असती तर बाईंना बोलता आलं असतं. ताईला काही विचारायचंच नव्हतं.

नवी तुकडी आली. त्यांना मोठ्या दालनात पडदे ओढून बसवलं. भाऊजी भिंतीवर माणसाच्या दुप्पट आकाराचे दिसत होते. तुरटी, वाळू, उन्हात धरलेला ग्लास. क्लोरीनच्या धड्यात खाली लाल पट्टी आली, वाक्य आलं आणि गेलं. मागच्या रांगेतला एकजण तेव्हा बुटाची नाडी बांधत होता. बाईंनी फीत मागे नेली, ते वाक्य पुन्हा लावलं. त्याने वर पाहिलं, आदबीने ऐकलं, आणि दुसऱ्या बुटाकडे वळला.

त्या दुपारी बाई डबा न उघडताच मागच्या फाटकाने बाहेर पडल्या. आवारात टाक्या फोडण्याचं काम चालू होतं. धुळीतून वाट काढत त्या गल्लीत आल्या. ताईचं दार लोटलेलं होतं. एरवी बाई सरळ आत जात. आज त्यांनी कडी वाजवली.

ताईने दार उघडलं. तिचा पदर खोचलेला होता आणि कपाळावर घाम होता.

“मी दुपारी येत जाईन,” बाई म्हणाल्या. “आईंना वळवायला. रोज. मला सुट्टी असते त्या वेळी.”

ताई बाजूला झाली. बाई चपला काढून आत गेल्या. खोलीत औषधाचा आणि ओल्या कापसाचा वास होता. म्हातारीच्या पाठीवर दोन ठिकाणी नवी पट्टी लावलेली दिसली. ती दिसल्यावर त्यांनी नजर वळवली, आणि मग, आता नजर वळवून चालणार नाही असं वाटून, पुन्हा तिकडे पाहिलं.

ताईने खांदे धरले. कंबर कशी धरायची ते बाईंना कळेना. त्यांनी हात घातला, तो फार वर गेला.

“खाली,” ताई म्हणाली. “अजून खाली. हाड लागेल तिथे धरा.”

धरा. बाईंनी धरलं.

नव्या हाताचा स्पर्श म्हातारीला कळला असावा. तिने मान वळवायचा प्रयत्न केला. हल्ली तिला दिसत कमी होतं. “कोण आलंय ग?” तिने विचारलं.

“ऑफिसातल्या बाई आहेत, आई,” ताई म्हणाली. “मदतीला आल्यात.”

“अगबाई. बसायला दे त्यांना.”

“देते.”

दोघींनी मिळून तिला वळवलं. ताईने पाठीशी उशी सारली, चादरीच्या सुरकुत्या हाताने सपाट केल्या, आणि भिंतीशी ठेवलेली खुर्ची आणून तिच्यावरची धूळ पदराने पुसली. बाई खुर्चीवर टेकल्या. ताई चहाचं आधण ठेवायला आत गेली.